दिवा लागला की झालं

जयपूरच्या मानसरोवरात शिकवायला लागलो त्या पहिल्याच संध्याकाळी मी भर वर्गात धावलो. फळ्यापासून मेन स्विचपर्यंतचं अंतर बारा फूट, माझं वय एकसष्ट, आणि मागच्या बाकावरून एक मुलगा आनंदानं ओरडला होता, "सर, बल्ब जल गया!"

कोकणातल्या एका आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरमन ट्रेड शिकवलेल्या माणसाच्या कानावर 'जळालं' हा शब्द पडला की पाय डोक्याची परवानगी घेत नाहीत. मी मेन पाडला. वर्गात काळोख. त्या काळोखात तोच आवाज हिरमुसून म्हणाला, "सर, जला तो था. आपने ही बुझा दिया."

तेव्हा उलगडा झाला. इकडे बल्ब जळतो म्हणजे लागतो, आणि खरोखर जळतो तेव्हा तो 'फ्यूज होतो'. आपल्याकडे दिवा लावतात, मालवतात, देवापुढचा असेल तर तो शांत होतो. जळायचं काम भाऊबंदांकडे सोपवलेलं असतं. तासापूर्वीच माझी ओळख करून देताना 'ये आपको तकनीकी शिक्षा देंगे' असं सांगण्यात आलं होतं आणि मुलांच्या आधी मलाच त्यांची दया आली होती.

मुलाची नोकरी इथली, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही दोघं इथे आलो. हिनं पंधरा दिवसांत भाजीवाला, शेजारीण आणि हळदीकुंकवापुरत्या पाच मराठी बायका शोधून काढल्या. मला शोधण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी घरातले स्विचबोर्ड उघडून बघायला लागलो. दोन बोर्ड बघून झाले, बाल्कनीत कूलरसाठी एक नवा पॉइंट काढून झाला. तिसऱ्या बोर्डाला पेचकस लावला तेव्हा ही म्हणाली, "बाहेर कुठेतरी शिकवा हो. घर राहू द्या."

बाहेर म्हणजे मिठाईच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पाटीवर 'कम्युनिटी कॉलेज'. नाव वाचून मला अमेरिकेतली हिरवळ आठवली. वर गेल्यावर जिलबीच्या पाकाचा वास आला. पण नावात खोटं काही नव्हतं. ज्याला पदवी नको, हातात कसब हवंय, दिवसभर काम करून संध्याकाळी यायचंय, त्याच्यासाठीची शाळा ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. मुंबईत १९६७ मध्ये श्रमिक विद्यापीठ निघालं ते कामगारांसाठीच; पुढे देशभर तशी विद्यापीठं झाली आणि २००० मध्ये त्यांचं नाव जन शिक्षण संस्थान झालं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून. तिथे शाळेला कंटाळलेली मुलं आधी घराची वायरिंग करतात आणि मग त्यामागचं विज्ञान विचारायला येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाला कम्युनिटी कॉलेजांची योजना सुचली ती २०१३ च्या सुमारास. आयोगाला सुचेपर्यंत पाबळच्या पहिल्या तुकडीतली पोरं स्वतःच्या पोरांना शिकवण्याइतकी मोठी झाली असतील.

आणि जयपुरात मराठी मास्तर ही तर तीनशे वर्षांची परंपरा. १७२७ मध्ये हे शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंगांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे मराठी ब्राह्मण पंडित होते. त्यांनी युक्लिड अरबीतून संस्कृतात आणला, त्याला 'रेखागणित' म्हटलं. टॉलेमीचा ग्रंथही आणला. मी पहिल्या दिवशी हिला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "त्यांना विद्यार्थी म्हणून राजा मिळाला होता. तुम्हाला?"

मला चौदा जण मिळाले. सांगानेरचा एक कूलर दुरुस्त करणारा. लग्नाच्या मांडवात लाइटिंग करणारा एक, जो दोन हजार बल्बांची माळ डोळे मिटून जोडायचा आणि एका ट्यूबलाइटपुढे गोंधळायचा. गोपालपुरा बायपासच्या कोचिंग क्लासांतून चार वर्षं स्पर्धापरीक्षा देऊन बाहेर पडलेला एक मुलगा. त्याला ओहमचा नियम चार पर्यायांसकट पाठ होता, पण पर्याय दिले नाहीत तर तो गप्प बसायचा. एक भाभीजी, ज्यांचे मिस्टर 'करतो, करतो' म्हणत दोन वर्षं पंख्याचा रेग्युलेटर बदलत नव्हते. आणि पहिल्या बाकावर बँकेतून निवृत्त झालेले बाऊजी. ते शिकायला आलेच नव्हते. इलेक्ट्रिशियन आपल्याला नक्की कुठे फसवतो एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं. घरगुती सॉकेट पूर्वी ५ आणि १५ अँपिअरचं असायचं, आता ६ आणि १६ लिहिलेलं असतं, असं मी सांगितलं तेव्हा वहीतून मान वर न करता ते म्हणाले, "महंगाई है. सब बढ़ा है."

पहिला आठवडा वायर सोलण्यात गेला. संस्थेनं वायर स्ट्रिपर आणले होते, चांगले सहा. ते कुलुपात होते. किल्ली कारकुनाकडे, कारकून साडेपाचला घरी, वर्ग सहाला. शिवाय घ्यायचं तर रजिस्टरमध्ये सही. मांडववाल्यानं दातांनी इंचभर वायर सोलून तार बाहेर काढली आणि माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, दातांनी नाही सोलायची, आतली तार खरवडते, तिथून तुटते. तो नम्रपणे म्हणाला, "सर, दाँत का साइन नहीं लगता."

दुसऱ्या आठवड्यात मी एका वाक्यावर बंदी घातली. जगातला कुठलाही इलेक्ट्रिशियन, चिपळूणचा असो की जयपूरचा, बोर्ड उघडल्याबरोबर एकच वाक्य बोलतो: "हे कुणी केलं?" इथे ते 'ये किसने किया?' होतं, एवढाच फरक. बोलताना मान किंचित हलवायची, ओठ मुडपायचे, आणि घरमालकाकडे असं बघायचं की त्यानंच स्वतःच्या सासऱ्याचा खून करून बोर्डात लपवला आहे. या वाक्यानं मजुरी वाढते, हे खरं. पण तीस वर्षांत मी पाहिलंय की आधीच्यानं केलेलं बिघडवायची सुरुवातही याच वाक्यानं होते. म्हणून मी फळ्यावर लिहिलं: 'किसने किया' नहीं पूछना. क्या किया है, वो देखना. बाऊजींनी ते वहीत उतरवून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

माझं खरं भांडण मात्र दुसऱ्याच वाक्याशी होतं. बोर्डावर जोडणी झाली की प्रत्येक जण बटण दाबायचा, दिवा लागायचा, आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, "लग गया ना, सर?" हे कोकणातही असंच होतं. "लागला की, सर!" दिवा लागला म्हणजे वायरिंग बरोबर, ही आपल्या देशाची घटनेतही न लिहिलेली श्रद्धा आहे. विजेच्या कामाची गंमत अशी की ते चुकीचं केलं तरी दिवा लागतो. भाकरी चुकली तर थापतानाच फाटते, शर्ट चुकला तर घालताच येत नाही. वायरिंग चुकलं तर दिवा हसून सांगतो, काही नाही, छान आहे. वर्षानुवर्षं सांगतो. मग एक दिवस कुणीतरी बल्ब बदलायला स्टुलावर चढतं.

हे तोंडानं सांगून पटत नाही. म्हणून मी दोन होल्डर जोडले. एकात बटण फेजवर, दुसऱ्यात बटण न्यूट्रलवर. दोन्ही दिवे लागले, दोन्ही विझले, काडीचा फरक नाही. मग दोन्ही बटणं बंद केली, पहिल्या होल्डरला टेस्टर लावला: गप्प. दुसऱ्याला लावला: टेस्टरमधला छोटा दिवा लालभडक. बटण बंद, बल्ब विझलेला, आणि आत २३० व्होल्ट पाय दुमडून बसलेले. वर्गात शांतता पसरली. कोचिंगवाल्यानं विचारलं, "सर, ये पेपर में आता है?"

भाभीजी मात्र उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमच्या बाथरूमच्या होल्डरला हात लागला की मुंग्या येतात, मिस्टर म्हणतात वहम आहे. दुसऱ्या दिवशी त्या टेस्टर विकत घेऊन गेल्या. वहम निघाला नाही, न्यूट्रलवरचं बटण निघालं. त्यानंतर म्हणे त्यांच्या घरात रेग्युलेटरसुद्धा त्याच आठवड्यात बदलला गेला.

मानसरोवर बघितल्याशिवाय इथलं वायरिंग समजत नाही. आखीव वसाहत, सेक्टरांची, राजस्थान हाउसिंग बोर्डानं बांधलेली. आशियातली सगळ्यात मोठी, असं इथला रिक्षावालाही मीटर न टाकता सांगतो. रस्त्यांना नावं अशी की मराठी माणसाला घरपट्टी भरावीशी वाटावी: शिप्रा पथ, वरुण पथ, किरण पथ, रजत पथ, स्वर्ण पथ. मी रोज या नावांवरून जाताना धंद्याचा विचार करतो. विजेचा सगळ्यात चांगला वाहक चांदी, मग तांबं, मग सोनं. म्हणजे इथे पहिल्या आणि तिसऱ्या नंबराचा रस्ता आहे. ज्याच्यावर घरं चालतात तो तांब्याचा काही मला अजून सापडला नाही. शिवाय थडी मार्केट. आपल्याकडे थडी म्हणजे नदीचा काठ. इथे थडी म्हणजे चहाची टपरी. नदी नसली तरी काठावर गर्दी भरपूर.

तर, बोर्डानं दिलेली घरं एकमजली, बेताची. त्या वेळचं वायरिंग दोन पंखे, चार दिवे आणि एक रेडिओ धरून केलेलं. मग मुलाचं लग्न झालं, वर मजला चढला. धाकट्याचं झालं, आणखी एक चढला. प्रत्येक मजल्याला नवा मिस्त्री, प्रत्येक मिस्त्रीला घाई. खालून वायर ओढायची तर भिंतीत झिरी मारायला हवी, धूळ होते, बाईसाहेब रागावतात. मग मिस्त्री काय करतो? फेज मीटरवरून आणतो, कारण त्याशिवाय दिवा लागत नाही. न्यूट्रल मात्र जवळ जो मिळेल तो घेतो. जिन्यातल्या डब्यात खालच्या मजल्याचा काळा न्यूट्रल असतोच. न्यूट्रल म्हणजे न्यूट्रल, त्याला काय खालचा आणि वरचा? दिवा लागतो. मिस्त्री पैसे घेऊन जातो.

आमच्या वर्गाला प्रात्यक्षिकासाठी असंच एक घर मिळालं. खाली थोरला भाऊ, वर धाकटा. वाटणी झालेली, मीटर वेगळे, गॅस वेगळा, गेटसुद्धा दोन. थोरल्यानं नवा आरसीसीबी बसवून घेतला होता, सुरक्षेसाठी. तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला त्याची लाइट जायची. नेमकी तेव्हा, जेव्हा वरची जाऊबाई आंघोळीचा गिझर लावायची. थोरलीचं म्हणणं होतं की ती मुद्दाम करते. धाकटीचं म्हणणं, आमचं मीटर वेगळं, आमच्या आंघोळीनं तुमची लाइट जाते हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? दोन इलेक्ट्रिशियन येऊन गेले होते. एकानं आरसीसीबी खराब म्हणून बदलला. दुसऱ्यानं सांगितलं, हा काढूनच टाका, फार नाजूक असतो.

मुलांना आरसीसीबी समजावणं हा माझ्या आयुष्यातला जुना पराभव. कोकणात मी वाटीचं उदाहरण द्यायचो: शेजारी साखर घालून वाटी गेली, तितकीच वाटी परत आली पाहिजे. इथे मला मेट्रो मिळाली. मानसरोवर हे जयपूर मेट्रोचं शेवटचं स्टेशन. ३ जून २०१५ ला इथून चांदपोलपर्यंत गाडी सुरू झाली आणि २०२० मध्ये ती बडी चौपडपर्यंत गेली. मी म्हटलं, समजा स्टेशनवर एक माणूस उभा केलाय. त्याचं काम एवढंच, की सकाळी जितकी माणसं बडी चौपडकडे गेली तितकीच परत आली का, हे मोजायचं. थोडी जरी कमी भरली की त्यानं सगळी लाइन बंद करायची. त्या माणसाचं नाव आरसीसीबी. घरासाठी त्याची सहनशक्ती ३० मिलिअँपिअरची. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब साधारण ०.४३ अँपिअर घेतो. त्याच्या चौदाव्या-पंधराव्या हिश्शाइतकी गळती झाली तरी हा डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करतो.

कूलरवाल्यानं हात वर केला. "सर, कोई बीच में उतर गया तो?"

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत एवढा चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "तो मधे उतरला तोच करंट. तुझ्या हातातून शिरला आणि पायातून उतरला. म्हणूनच मोजायचं."

मग त्या दोन भावांचं घर मुलांना आपोआप कळलं. वरच्या मजल्याचा गिझर फेज आपल्या मीटरवरून घेत होता आणि परत पाठवत होता खालच्याच्या न्यूट्रलमधून. खालच्या मोजणाऱ्याला दिसत होतं की सकाळी साडेसहाला, आपण ज्यांना पाठवलंच नाही अशी माणसं परत येताहेत. तो बिचारा लाइन बंद करायचा. आरसीसीबी खराब नव्हता. त्या घरात शुद्धीवर असलेला तो एकटाच होता. घराची वाटणी झाली, बँकेतल्या पैशांची झाली, आईच्या पाटल्यांची झाली, न्यूट्रल मात्र एकत्र कुटुंबात राहिला होता.

दुरुस्ती सोपी होती: गिझरला वरच्या मीटरवरून स्वतंत्र न्यूट्रल. वायर लागणार होती साधारण पंधरा मीटर. ही पंधरा मीटर कुणाच्या खर्चानं, यावर दोन्ही मजल्यांनी जिन्यात उभं राहून पाऊण तास चर्चा केली. थोरला म्हणे, वापर त्याचा. धाकटा म्हणे, चूक मिस्त्रीची आणि मिस्त्री तू आणलेला. बाऊजींनी शेवटी बँकेतल्या सवयीनं तडजोडीचा कागद काढला. इकडे त्याला 'राजीनामा' म्हणतात. बाऊजी 'राजीनामा लिखवा लेते हैं' म्हणाले तेव्हा दोघा भावांपैकी नेमका कोण नोकरी सोडतोय, हे समजून घ्यायला मला थोडा वेळ लागला.

त्याच जिन्यातला दिवा हा वेगळा अध्याय. जिन्याचा दिवा म्हणजे टू-वे स्विच. खालून लावा, वरून बंद करा. वायरिंग शिकणाऱ्या प्रत्येकाचा हा पहिला खरा आनंद असतो. मांडववाल्याला तो जमला तेव्हा त्यानं दोन्ही बटणं अर्धा तास आळीपाळीनं दाबली. भाभीजी म्हणाल्या, बिल्कुल शादी जैसा है, कोणी लावला आणि कोणी बंद केला ते कळत नाही. त्या भावांच्या घरी मात्र तो दिवा तीन वर्षं बंद होता. त्याचा फेज कुणाच्या मीटरवर, हे ठरलं नव्हतं. दोघेही मोबाइलच्या उजेडात जिना चढायचे.

आता अर्थिंग. मी या विषयावर बोलायला लागलो की हिला जांभई येते, पण जयपुरात तो टाळता येत नाही. कोकणात माझा त्रास उलटा होता. तिथे चार महिने पाऊस, जमीन कायम ओली, अर्थिंग झकास. फक्त भिंतसुद्धा ओली, आणि करंट भिंत मारायची. इथे भिंत खडखडीत, पण जमीनही खडखडीत. कोरडी वाळूसर माती वीज पोटात घ्यायला तयार नसते. म्हणून खड्ड्यात अडीच मीटरचा जस्ती पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. मीठ म्हटल्यावर बाऊजींचा प्रश्न आलाच: आयोडीनवालं की साधं? सांभर सरोवराच्या एवढ्या जवळ राहणाऱ्या माणसाला मिठाचा हिशेब विचारायचा हक्क आहे. मी साधं म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

पुढचं पटवणं कठीण. या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, टँकर येतात, आणि मी सांगतोय की एक बादली लोखंडी झाकणाखाली ओता. तुळशीला रोज पाणी घालणारं घर अर्थिंगला वर्षातून एकदा घालत नाही. कारण तुळस वाळली तर दिसते.

आणि नेमक्या त्याच दिवसांत पत्र्याचा कूलर बाहेर निघतो. पत्र्याचा डबा, आत पाणी, पाण्यात पंप, शेजारी पंख्याची मोटर, बाहेर ओल्या फरशीवर अनवाणी माणूस; विजेला माणूस भेटवायचा याहून चांगला कार्यक्रम कुणी आखू शकणार नाही. यासाठीच ती तिसरी, हिरवी वायर. डब्याला जोडायची, म्हणजे आत काही सुटलं तर करंट डब्यातून जमिनीत जातो, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो, आपण वाचतो. मी कूलरवाल्याला विचारलं, तू हिरवी वायर कुठे जोडतोस? तो खरं बोलणारा मुलगा. म्हणाला, "काट के अंदर मोड़ देता हूँ, सर. काम तो दो से हो जाता है."

काम दोनानं होतं. मी या वाक्याशी तीस वर्षं झुंजतोय. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब का असते, हे मी वर्गात विचारलं. लांब अशासाठी, की प्लग खोचताना आधी अर्थ जुळावा आणि काढताना शेवटी सुटावा. जाड अशासाठी, की ती चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. वर्गाचं उत्तर वेगळं होतं. हल्लीच्या सॉकेटमध्ये खालची दोन भोकं झाकलेली असतात, ती वरच्या पिनेनंच उघडतात. म्हणून मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर जात नसेल तर वरच्या भोकात पेचकस घालायचा. अर्थचा उपयोग तो. मांडववाला तर पेचकसही वापरत नव्हता. तो वायरची दोन उघडी टोकं सॉकेटमध्ये घालून वर काडेपेटीच्या काड्या खोचायचा. मी म्हटलं, अरे, काडी पेटेल. तो म्हणाला, "पहले से जली हुई लगाता हूँ, सर."

कूलरवाल्याला मी त्या संध्याकाळी शिक्षा दिली, मराठीतली. त्यानं आजवर दुरुस्त केलेले जेवढे कूलर आठवतात तेवढ्या घरी जाऊन हिरवी वायर बाहेर काढायची. मला वाटलं, येणार नाही आता. आठ दिवस आला नाहीच. नवव्या दिवशी आला, खिशात एकोणीस नावांचा कागद. अकरा घरी वायर जोडून झाली होती. पाच ठिकाणी सॉकेटलाच अर्थ नव्हता, तिथे त्यानं लाल पेननं फुली मारली होती. तीन घरांनी विचारलं होतं, चालतोय ना, मग कशाला हात लावतोस?

यादीत विसावं नाव त्यानं स्वतःच घातलं होतं. "सर, आपका भी कूलर देख लूँ?"

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. घरगुती वायरचं बंडल ९० मीटरचं असतं, आणि ते नेहमी शेवटच्या बोर्डाच्या दीड मीटर अलीकडे संपतं. आल्या आल्या बाल्कनीत कूलरसाठी मी जो पॉइंट काढला, तेव्हा लाल वायर अशीच संपली. दुकान बंद. ऊन मरणाचं. घरात काळी होती. फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी, हे मी जितक्या पोरांना घोकायला लावलं असेल तितकी गावात माणसं नसतील. पण तो दीड मीटरच होता, आणि उद्या बदलायचंच होतं. मी फेजला काळी जोडली. दिवा, म्हणजे कूलर, लागला. तो उद्या अजून उजाडलेला नाही.

कूलरवाला रविवारी आला. ही चहा ठेवायला आत गेली. त्यानं मेन पाडला, न सांगता, आणि टेस्टर लावून खात्रीही केली. मला बरं वाटलं. मग बोर्डाचे दोन स्क्रू काढून पट्टी पुढे ओढली. आत दोन काळ्या वायरी, शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारख्या. हिरवी मात्र होती, जिथे असायला हवी तिथे. निदान तेवढं मी केलं होतं.

तो बराच वेळ आत बघत राहिला. मान किंचित हलली. ओठ मुडपले. मग त्याला फळा आठवला असावा. खिशातून त्यानं लाल टेपचं रीळ काढलं, फेजच्या काळ्या वायरीला दोन्ही टोकांना दोन दोन वेढे दिले, दातांनी टेप तोडली आणि पट्टी परत लावायला घेतली. स्क्रू आवळता आवळता, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाला, "सर, किसने किया, वो पूछना तो मना है ना?"

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "विचार रे बाळा, विचार. मी सांगते."